कवटीचं गोंदण

गोपीनाथ शेलारला कवटी ठाऊक होती ती केमिकलच्या टँकरवरची. काळ्या चौकटीत पांढरी कवटी आणि खाली फुली मारल्यासारखी दोन हाडं. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं चंदीगडजवळच्या डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी धरली होती, आणि तसले टँकर रोज त्याच्या गेटमधून आत जायचे. कवटी दिसली की लांब उभं राहायचं, हातातली विडी विझवायची, एवढाच तिचा अर्थ त्याच्या लेखी होता.

माणूस मूळचा कोरेगाव तालुक्यातला. भरती झाला, ट्रक चालवायला शिकला आणि उभी नोकरी रेशनचे ट्रक हाकण्यात गेली. लडाख झालं, तवांग झालं. शेवटची काही वर्षं चंदीगडशेजारच्या चंडीमंदिर छावणीत मिळाली. तिथल्या क्वार्टरमध्ये त्याचा एकुलता एक मुलगा प्रतीक मोठा झाला. निवृत्तीनंतर गावी परतायचं ठरलं होतं, पण आधी प्रतीकची बारावी, मग कॉलेज, मग मोहालीत आयटी कंपनीतली नोकरी, असं होता होता घर मनीमाजऱ्यात थाटलं गेलं ते गेलंच. गोपीनाथची बायको शशिकला भाजीवाल्याशी पंजाबीत हुज्जत घालायची आणि देवाशी मराठीत बोलायची. प्रतीकला मराठी सगळं कळायचं, पण आईबापांनी काही विचारलं की उत्तर हिंदीत यायचं. गोपीनाथला पूर्वी त्याचा राग यायचा. पुढं त्याची सवय झाली.

प्रतीक मित्राबरोबर मोटरसायकलवरून हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आला, तिथून ही गोष्ट सुरू झाली. मित्र म्हणजे निमिष. तोही लष्करातल्या मराठी माणसाचा मुलगा, क्वार्टरमधला शेजारी, आता सेक्टर ६७ मधल्या औषधांच्या संस्थेत संशोधन करणारा. परत आल्या दिवशी प्रतीक उन्हानं काळवंडलेल्या तोंडानं जेवायला बसला आणि बापासमोर मोबाइल धरला.

"बाबा, ये देखो."

एका गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, बाहेरच्या भिंतीवरचं चित्र होतं. दोन सांगाडे एकमेकांच्या पायात पाय गुंतवून नाचत होते. दोघांच्या कवट्या हसऱ्या, आणि त्या कवट्यांवर पुन्हा छोट्या कवट्यांचे मुकुट.

"मुझे ये बनवाना है. पूरा नहीं, सिर्फ खोपडी. हाथ पे."

गोपीनाथनं घास खाली ठेवला. "गोंदवायचं तर मारुती गोंदव. आईचं नाव गोंदव. मढ्याचं डोकं या घरात नको."

"इसका मतलब अच्छा होता है, बाबा."

"काय चांगलं असतंय मढ्यात?"

प्रतीकला ते नीट सांगता आलं नाही. तो खांदे उडवून हसला आणि "ठीक है" म्हणाला. तो हट्टी नव्हता. बापानं नको म्हटलं आणि विषय संपला.

गोपीनाथला स्वतःला गोम्पा नवे नव्हते. बर्फात रस्ता बंद पडला की त्यानं दोनचारदा त्यांच्या ओसरीत रात्र काढली होती, लामांच्या हातचा खारट चहा प्यायला होता. पण आतल्या अंधाऱ्या खोलीत डोकावताना त्याला कवट्यांच्या माळा घातलेले देव दिसले होते आणि तो पाया न पडताच मागं फिरला होता. तसा गोंदणाला त्याचा विरोध नव्हता. त्याच्या आईच्या कपाळावर, हनुवटीवर, दोन्ही हातांवर गोंदण होतं. ती म्हणायची, मी गेले की माझ्या बांगड्या काढून घ्याल, डोरलं काढून घ्याल, हे मात्र कुणाला काढता यायचं नाही. लहानपणी तिच्या हातावरचे हिरवे ठिपके मोजत तो झोपी जायचा. त्या गोंदणात तुळस होती, पाळणा होता. कवटी कशी असेल?

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात प्रतीकला ताप येऊ लागला. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. मांडीवर उगीचच निळे डाग उठायचे. निमिषनंच त्याला बळेबळे रक्त तपासायला नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला.

शहरातल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात उपचार सुरू झाले. डॉक्टर ग्रेवाल म्हणून एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या पण खोटं न सांगणाऱ्या. केमोनं प्रतीकचे केस गेले, तोंडात फोड आले, वजन निम्म्यावर आलं. पण रोग मागं हटला. सहा-सात महिने घरात हसणं परतलं. डोक्यावर बारीक लव आली, प्रतीक घरूनच कंपनीचं काम करू लागला, शशिकलानं शेजाऱ्यांना पेढे वाटले. मग एका तपासणीत तो रोग पुन्हा दिसला. आता तो औषधांना जुमानत नव्हता.

त्या दिवसांत घरात एक रीत पडली. प्रतीकपुढं कुणी खरं बोलायचं नाही. शशिकला म्हणायची, "दिवाळीला गावी जाऊ, जोतिबाला नारळ फोडू." गोपीनाथ म्हणायचा, "लढायचं. शेलारांचं रक्त आहे." रक्त हा शब्द तोंडातून गेल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटायची. प्रतीक ऐकून घ्यायचा. "हां बाबा," म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करायचा.

एकदा हॉस्पिटलातून परत येताना गाडीत तो म्हणाला, "बाबा, सेक्टर बाईस चलो. मेरा एक काम है."

बाजारातल्या एका दुकानावर, वरच्या मजल्यावर टॅटू काढायची जागा होती. ती चालवणारा मुलगा तिबेटी होता, लोबसांग नावाचा. हिमाचलातल्या बीरच्या तिबेटी वस्तीत जन्मलेला. त्याचे आईवडील हिवाळ्यात चंदीगडला स्वेटर विकायला यायचे आणि त्यांच्याबरोबर येता येता तो इथंच राहिला होता. प्रतीकची आणि त्याची मोबाइलवर आधीपासून बोलणी झालेली दिसत होती. गोपीनाथचं डोकं फिरलं. जिना चढताना पोराला दम लागत होता, म्हणून त्यानं आधी त्याला हाताचा आधार दिला.

लोबसांगनं प्रतीककडं पाहिलं. तोंडावरचा मास्क, हातावर सलाईनचे काळेनिळे डाग. त्यानं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हिंदीत विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस?"

"नाही म्हणाल्या," प्रतीकनं कबूल केलं. "प्लेटलेट कमी आहेत. सुई लागली तर रक्त थांबणार नाही."

"मग मीही नाही म्हणतो. माझ्या सुईनं तुला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू?"

मास्कच्या वर प्रतीकचे डोळे भरून आलेले गोपीनाथला दिसले. हॉस्पिटलात एवढ्या सुया टोचल्या, पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, तेव्हा हे पोर रडलं नव्हतं. गोपीनाथचा राग कुठल्या कुठं गेला.

"काय आहे काय त्या कवटीत?" त्यानं लोबसांगला विचारलं. आवाज चढलेला होता, पण प्रश्न खरा होता.

"अंकल, मी लामा नाही," लोबसांग म्हणाला. "माझ्या आजीनं सांगितलेलं सांगतो. खरं म्हणजे आजीला हे आवडलंही नसतं. आमच्याकडं हे अंगावर काढत नाहीत, देवघरात ठेवतात. अंगावर काढणं आम्हा आजच्या पोरांचं खूळ. म्हणून मी कुणाच्या कमरेखाली हे काढत नाही, आणि दारू पिऊन आलेल्याला तर नाहीच."

मग त्यानं भिंतीवरच्या एका चित्राकडं बोट केलं. त्यात लाल डोळ्यांचा एक उग्र देव होता आणि त्याच्या मुकुटात पाच कवट्या. "या पाच म्हणजे माणसाच्या आतली पाच विषं. राग, हाव, गर्व, मत्सर आणि अज्ञान. देव त्यांना फेकून देत नाही. मारून, स्वच्छ करून डोक्यावर दागिन्यासारखी घालतो. आजी म्हणायची, विष कुठं जात नाही, ते पालटावं लागतं."

"आणि ते नाचणारे?" प्रतीकनं विचारलं. त्याला उत्तर माहीत असावं. बापाला ऐकू जावं म्हणून त्यानं विचारलं असावं.

"चितिपती. चितेचे धनी. स्मशानाची राखण करतात. लोकांना ते भुतं वाटतात, पण ते भीती घालायला नाचत नाहीत. ते म्हणतात, आम्हीही तुझ्यासारखेच होतो, तूही आमच्यासारखा होशील, मग हे झाकून कशाला ठेवतोस? आमचा लामा रोज सकाळी उठून मरणाची आठवण काढतो. रडायला नाही, अंकल. आजचा दिवस वाया जाऊ नये म्हणून."

निघताना लोबसांगनं कागदावर एक कवटी काढून प्रतीकला दिली. रेषा बारीक, डोळ्यांच्या खोबणींत ढगांसारखी वळणं, वर पाच पाकळ्यांचं कमळ. "तुला काढता येत नाही, हे तरी ठेव," म्हणाला.

प्रतीकनं तो कागद पलंगासमोर भिंतीवर चिकटवला. शशिकला औषध घेऊन आत आली, तिनं पाहिलं आणि पेला खाली ठेवून तो कागद ओढून काढला. "मरणाला घरात बोलावतोस?" ती म्हणाली. एरवी घरात कधी आवाज न चढवणारी बाई ओरडत होती. "मी इथं उपास करतेय, नवस बोलतेय, आणि तू हे लावतोस?"

"आई, वो बुलाने से नहीं आता," प्रतीक म्हणाला.

तिनं कागद फाडला नाही. फाडायचा धीर झाला नसावा. घडी करून कपाटात साड्यांच्या खाली सारला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडत राहिली. गोपीनाथ दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा होता. इकडं जावं की तिकडं, त्याला कळेना.

नंतरचे काही दिवस त्याचं कामात लक्ष लागलं नाही. गेटवर उभा असताना सारखं मनात यायचं, पोरानं आयुष्यात बापाकडं मागितलं काय? मोटरसायकलसुद्धा स्वतःच्या पगारातून घेतली. ही एक गोष्ट मागितली होती, अंगात रक्त होतं तेव्हा, आणि आपण नको म्हटलं. आता हो म्हणून उपयोग नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तो एकटाच लोबसांगकडं गेला आणि शर्टाची डावी बाही वर सारून हात पुढं केला.

"त्याला काढता येत नाही ना," तो म्हणाला. "माझ्यावर काढ. तीच, कागदावरची."

लोबसांग त्याच्याकडं पाहत राहिला. "अंकल, पोराला खूश करायला असेल तर पुन्हा विचार करा. हे पुसलं जात नाही. उद्या तुम्हाला बघवलं नाही तर?"

"उद्याचं उद्या."

"आँटींना विचारलंत?"

"नाही."

लोबसांगनं उठून हात धुतले, हातमोजे घातले. गोपीनाथच्या हातावरचे पांढरे केस वस्तऱ्यानं काढले, तीच कवटी नव्या कागदावर काढून तिची निळी छाप हातावर उठवली आणि मशीन सुरू केलं. मधमाशी कानाशी यावी तसा आवाज. मनगटाजवळच्या कातड्यावर सुई आली तेव्हा गोपीनाथनं दात आवळले. दुखण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पोरगं रोज जे सोसतंय त्यातलं कणभर आपल्या वाट्याला आलं, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्यानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोबसांगनं मशीन थांबवलं नाही, वरही पाहिलं नाही.

जखम भरेपर्यंत गोपीनाथ पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वावरला. प्रतीकला कसलाही संसर्ग चालणार नव्हता. खपल्या पडून गेल्यावर एका सकाळी शशिकला मंदिरात गेलेली पाहून तो प्रतीकच्या पलंगाशी बसला आणि बाही वर केली.

प्रतीक बघतच राहिला. मग हसू लागला, हसता हसता त्याला खोकला आला. "बाबा, आप पागल हो," तो म्हणाला. त्यानं बोटाच्या टोकानं कवटीवरच्या कमळाच्या रेषेवरून हात फिरवला, हळूहळू, सगळीकडून. आणि मग मराठीत, अडखळत, लहान मुलाच्या व्याकरणानं म्हणाला, "मला भीती वाटते, बाबा. खूप वाटते."

इतके महिने गोपीनाथजवळ या वाक्याला एकच उत्तर असायचं. लढायचं. ते ओठांवर आलंही होतं. पण प्रतीकचं बोट अजून त्याच्या हातावर होतं. "मलाही," तो म्हणाला.

त्या सकाळी ते दोघं खरं बोलले. प्रतीकनं विचारलं, डॉक्टर तुम्हाला वेगळं काय सांगतात? गोपीनाथनं सांगितलं. फार दिवस नाहीत, नवं औषध देऊन पाहता येईल, पण त्यानं गुण येण्याची आशा त्यांना वाटत नाही. प्रतीकनं मान हलवली. मला ठाऊक होतं, म्हणाला, तुम्ही सगळे इतके छान बोलता की मला एकट्यालाच मरायचं आहे असं वाटायचं. मला शेवटी त्या वॉर्डमध्ये नळ्या लावून पडायचं नाही. मला इथं, या खोलीत राहायचं आहे. एवढं कराल का?

"करीन," गोपीनाथ म्हणाला.

शशिकलानं हात पाहिला तो संध्याकाळी, पोळ्या लाटताना. लाटणं तसंच धरून ती म्हणाली, "तुम्हीसुद्धा?" त्यापुढं ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, चहा द्यायची, शब्द नाही. ताप चढून प्रतीकला पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथं डॉक्टर ग्रेवालांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं, प्रतीकची इच्छा सांगितली, तेव्हा ती पदराचं टोक पिळत ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "घरी न्या माझ्या लेकराला."

प्रतीक घरी आला. निमिष रोज संस्थेतून परस्पर यायचा, त्याची दाढी करून द्यायचा, स्पितीच्या रस्त्यांवरचे जुने वाद उकरून काढायचा. गोपीनाथनं रजा घेतली. दुखणं कमी करायची औषधं चालू होती. त्यांच्या गुंगीतून जागा असला की प्रतीक शांत असायचा. नेहमीच नाही. कधी चिडायचा, पेला भिरकावून द्यायचा, "मैं ही क्यों" म्हणून ओरडायचा. मग माफी मागायचा.

एका दुपारी गोपीनाथ औषधं घेऊन परत आला तर दाराशीच थबकला. शशिकला पलंगावर बसली होती, प्रतीकचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं विचारलं, "काय असतं रे त्या कवटीचं? सांग मला." आणि प्रतीक सांगत होता, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "आई, ते म्हणतात की बॉडी किरायाचं घर आहे. खाली करायचं असतं. पण रहता है तब तक अच्छे से राहायचं." शशिकला त्याच्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत होती. पटलं म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. थोड्या वेळानं उठून तिनं कपाटातून तो कागद काढला आणि भिंतीवर होता तिथंच लावला.

त्यानंतर आठवड्याभरात, एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी, प्रतीक गेला. दोघं जवळ होते. श्वास लांब लांब होत गेला आणि एक आलाच नाही. शशिकला ओरडली नाही. कितीतरी वेळ ती त्याची बोटं एकेक करून चोळत बसली होती, थंडीत लहान मुलाची चोळावीत तशी.

मनीमाजऱ्याच्या स्मशानात निमिष होता, प्रतीकच्या कंपनीतली मुलं होती, शेजारचे सरदारजी होते. लोबसांग पांढरा रेशमी खटक, तिबेटी लोक मानानं वाहतात ते उपरणं, घेऊन आला होता. त्यानं तो प्रतीकच्या पायाशी ठेवला आणि हात जोडून मागं उभा राहिला. गोपीनाथनं अग्नी दिला. गावाकडं मडकं खांद्यावर घेऊन फिरतात, खड्यानं भोक पाडतात, ते सगळं त्यानं केलं. पण चिता अर्धी जळाल्यावर इथल्या पंडितजींनी त्याच्या हातात एक लांब बांबू दिला.

"कपालक्रिया," ते म्हणाले. "डोक्याला लावा, जी. आत्मा मोकळा होतो."

गावी बापाला अग्नी देताना गोपीनाथला हे करावं लागलं नव्हतं. बांबू हातात घेऊन तो उभा राहिला. ज्वाळेतून त्याला दिसत होतं. ज्या डोक्याला शशिकलानं तेल लावलं, ज्याला त्यानं स्वतः पहिली लष्करी हजामत करून आणली होती आणि पोरगं दिवसभर रडलं होतं, ते डोकं. बांबू उचलवेना. पंडितजी हळूच म्हणाले, "नाही जमत तर दुसरा कुणी करेल." निमिष पुढं आला, हात पुढं केला. गोपीनाथनं मान हलवून त्याला थांबवलं.

त्यानं बांबू पुढं नेला आणि टोक नुसतं टेकवलं. मारलं नाही. झोपलेल्या पोराला उठवताना खांद्यावर बोट ठेवावं तेवढंच. "जा बाळा," तो म्हणाला. "घर रिकामं झालं." मग बांबू आगीत टाकून तो मागं वळला. निमिषनं आणि लोबसांगनं त्याला दोन्ही बाजूंनी धरलं.

अस्थी घेऊन नवराबायको कीरतपूरला गेले, सतलजच्या पाण्यात सोडून आले. गावाहून भाऊ आला, आता इथं काय राहिलंय, चला म्हणाला. शशिकला म्हणाली, त्याची खोली इथं आहे.

गोपीनाथ पुन्हा गेटवर उभा राहू लागला. लोकांना वाटलं, फौजी माणूस, सावरला. पण आत काहीच सावरलं नव्हतं. कारखान्यातला कुणी आपल्या पोराला कामाला लावायचं विचारायला आला की तो त्याला तुसडेपणानं वाटेला लावायचा. रस्त्यावर तरुण पोरांना हेल्मेटशिवाय उधळताना पाहिलं की वाटायचं, यांना काही होत नाही. आणि मग निमिष आला, मिठाईचा डबा आणि लग्नाची पत्रिका घेऊन. पाया पडायला वाकला आणि गोपीनाथच्या तोंडून गेलं, "तुझं बरंय बाबा. तुझं रक्त चांगलं निघालं."

निमिष वाकलेलाच राहिला क्षणभर. मग उभा राहिला, "येतो काका" म्हणाला आणि गेला. शशिकला दारातून सगळं पाहत होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गोपीनाथ लोबसांगकडं गेला. तिथं गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं हात पुढं करून टेबलावर ठेवला. "तू म्हणालास पाच विषं," तो म्हणाला. "पाचही आली माझ्यात. राग आला. मत्सर तर असा आला की सांगता येत नाही. ज्या पोरानं माझ्या पोराची सेवा केली त्याला मी टाकून बोललो. मग ही कवटी घेऊन काय झालं?"

लोबसांगनं स्टोव्हवर चहाचं पाणी ठेवलं. "आजोबा वारले तेव्हा आजी वर्षभर शेजारणीशी भांडत होती," तो म्हणाला. "शेजारणीचा नवरा जिवंत होता म्हणून. मी विचारलं, तू तर रोज माळ ओढतेस. ती म्हणाली, माळ ओढते म्हणून मला कळतं तरी की मी कशासाठी भांडतेय. विषं येणार नाहीत असं कुणीच म्हणालं नव्हतं, अंकल."

चहा पिऊन गोपीनाथ उठला आणि तिथून सरळ सेक्टर ६७ ला गेला. संस्थेच्या फाटकाबाहेर निमिष येईपर्यंत थांबला. आल्यावर त्यानं काही मोठं भाषण केलं नाही. "चुकलो," म्हणाला. "लग्नाला येतो. तुझी काकूही येईल." निमिषनं त्याला मिठी मारली आणि तो भर रस्त्यात रडला, प्रतीकसाठी आणि स्वतःसाठीही, कारण लग्नात नवऱ्याच्या शेजारी कोण उभं राहणार हे शाळेपासून ठरलेलं होतं.

लग्न थंडीत झालं, मोहालीच्या एका हॉलमध्ये. मुलगी पंजाबी होती, त्यामुळं सकाळी गुरुद्वारात फेरे आणि दुपारी मंगलाष्टकं असं दोन्ही. शशिकला इतक्या महिन्यांनी जरीची साडी नेसली होती. आंतरपाट धरायला एका बाजूला कुणी नव्हतं, तेव्हा निमिषनं गोपीनाथकडं पाहिलं. गोपीनाथ पुढं गेला. हात वर धरताना कोटाची बाही मागं सरली.

नंतर पंगतीशेजारी पुण्याहून आलेली निमिषची आत्या गोपीनाथच्या हाताकडं पाहत होती. तिनं शेवटी न राहवून विचारलं, "हे काय हो गोंदवलंय? या वयात? आणि कवटी?"

कुठून सुरुवात करायची? स्पितीपासून, की टँकरपासून?

"आमच्या मुलाचं आहे ते," शशिकला म्हणाली. "त्याला काढता आलं नाही, म्हणून ह्यांनी काढलं."

हॉलच्या दारातून गार वारा येत होता. शशिकलानं नवऱ्याची बाही ओढून मनगटापर्यंत आणली, बटण लावलं, आणि दोघं जेवायला गेली.